सतरा नंबर कुणाचा?

बिश्केक, ३ मार्च

एलामान,

‘प्रिय’ लिहायचं विसरले नाही. लिहिलं नाही.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. मेल पाठवली की तिकडून यंत्र उत्तर देतं, डॉक्टरसाहेब बाहेरगावी आहेत. नोव्हेंबरपासून डॉक्टरसाहेब बाहेरगावीच आहेत. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय जर्मनांनी अजून काढलेली दिसत नाही, म्हणून हे रजिस्टर पत्र तुझ्या संस्थेच्या पत्त्यावर. सही केल्याशिवाय मिळणार नाही.

तुझा लेख वाचला. अकरा पानं. माणसाच्या कातडीतल्या मास्ट पेशी ग्रोथ फॅक्टरशिवाय जगवणारं नवं पोषकद्रव, शोधकर्ता एलामान मामितोव्ह. त्याखाली तुझा नवा साहेब, मग दोन नावं जी मी जन्मात ऐकली नाहीत. माझं नाव शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, आभारांमध्ये, बाटल्या पुरवणाऱ्या कंपनीच्या खाली. नऊ वर्षं तू माझ्या हाताखाली होतास. चोर तर चोर, वर शिरजोर, असं म्हणणार होते. पण तू शिरजोरसुद्धा नाहीस. तू नुसता गप्प आहेस.

‘पद्धत’ या मथळ्याखाली तू चार ओळी लिहिल्यास. मी त्या वाचून दाखवल्या तेव्हा निना स्तेपानोव्ना नळ्या धुता धुता म्हणाली, “एवढ्यात होतं होय? मग मी वीस वर्षं इथे काय करतेय?” तुझ्या चार ओळींत काय नाही ते मी सांगते. शाळेला शरदाची सुट्टी लागली की तुरात डॉक्टरच्या वॉर्डात सुंतेसाठी पोरांची रांग लागते आणि बाहेरच्या बाकावर आज्या तळलेल्या बोरसोकच्या पिशव्या घेऊन बसतात. त्या आज्यांशी गोड बोलून, नातवाची कापलेली बोटभर कातडी संशोधनाला द्या म्हणून घरच्यांची सही मिळवायची. कातडी बर्फात घालून तासाभरात इथे आणायची. रात्रभर थंड द्रावणात ठेवून वरचा पापुद्रा सोडवायचा. खालचा जाड थर कात्रीने कापत बसायचं, मांतीच्या सारणातल्या खिम्याहून बारीक होईपर्यंत, अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत. मग एन्झाइममध्ये हलवायचं, चाळणीतून गाळायचं, लोहचुंबकाच्या नळीतून मास्ट पेशी तेवढ्या वेगळ्या काढायच्या. एवढं करून एका पोरामागे लाख-दोन लाख पेशी हाती लागतात, आणि त्याही इतक्या तापट की पिपेट जरा जोरात ओढलं तरी फुटून पोटातलं सगळं बाहेर टाकतात. जिवंत राहायला त्यांना ग्रोथ फॅक्टर लागतो. ती कुपी कस्टमच्या गोदामात चार-चार महिने पडून राहून मग आपल्यापर्यंत येते. ही कात्री कशी धरायची ते तुला कुणी शिकवलं, हे अकरा पानांत कुठेच नाही.

तर मी तुझं पोषकद्रव बनवलं. लेखात दिलंयस तसंच, थेंब न थेंब. यंदाच्या सहा पोरांच्या पेशींना दिलं. पाचव्या दिवशी पेशी आकसल्या, नवव्या दिवशी सगळ्या मेल्या. पुन्हा केलं, पुन्हा मेल्या. मग नायट्रोजनच्या टाकीतून तुझे जुने नमुने काढले. बारा नंबरच्या मेल्या, चौदाच्या मेल्या, विसाच्या मेल्या. फक्त सतरा नंबर जगला. आणि तो तुझ्या पोषकद्रवातच जगतो असं नाही, साध्या पोषकद्रवातही जगतो. आज सव्विसावा दिवस. निळा रंग टाकून पाहिला, आतले दाणे जांभळे आणि गच्च भरलेले. मास्ट पेशीच आहेत, पण त्यांना कशाचीच गरज नाही.

म्हणजे तुझ्या पोषकद्रवात काही नाही रे. जे आहे ते सतरा नंबरमध्ये आहे. तुझा सगळा लेख एका पोरावर उभा आहे.

नंबर आणि नावांची वही काढली. सोळाचं पान आहे, अठराचं आहे. मधलं पान कुणीतरी पट्टी लावून नीट फाडलेलं आहे. कागद पट्टी लावून फाडणारा आपल्याकडे एकच होता. माझ्या प्रयोगशाळेत आलेली प्रत्येक कातडी तुरातच्या वॉर्डातून आली आणि प्रत्येकीमागे सहीचा कागद आहे, असं मी दर वर्षी नीतिसमितीसमोर सांगत आले. तुझ्यापायी मी खोटी पडणार नाही. सतरा नंबर कुणाचा?

डॉ. बुरुल तोकोएवा


बिश्केक, २९ मार्च

एलामान,

पत्र आलं. तुझं नाही, तुझ्या संस्थेचं. “दात्यांची ओळख गोपनीय ठेवण्यास आम्ही बांधील आहोत.” हे वाक्य माझं आहे. तुझ्या पहिल्या वर्षी खिडकीजवळ उभं करून मीच ते तुझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. माझ्याच काठीने मला हाणायला तुला चार आठवडे लागले.

आता पुढचं ऐक, आणि हे पत्र दुसरं कुणी उघडत असेल तर त्यानेही ऐकावं, म्हणून सगळं फोड करून लिहिते.

सतरा नंबरचा डीएनए मी अल्माटीला पाठवला होता. निकाल नूरुझच्या सुट्टीत आला, लोक अंगणात कढईत सुमोलोकची गव्हाची खीर ढवळत होते तेव्हा. मास्ट पेशीच्या अंगावर एक बटण असतं म्हण. ग्रोथ फॅक्टर आला की ते दाबलं जातं आणि पेशीला कळतं, जग, वाढ. या पोराच्या पेशींत ते बटण जनुकातल्या एका बदलामुळे कायमचं दाबलेलं आहे. म्हणून त्या मरत नाहीत. आपण ज्याला शोध समजलो तो आजार आहे.

त्या पोराच्या अंगावर तपकिरी डाग असतील, घासले की फुगणारे. अशी बरीच मुलं मोठी होता होता बरी होतात. पण काहींना एक मधमाशी चावते, किंवा ऑपरेशनला नको ते औषध दिलं जातं, आणि अंगातल्या सगळ्या मास्ट पेशी एकदम फुटतात. रक्तदाब कोसळतो. अर्ध्या तासात मूल जाऊ शकतं. अ‍ॅड्रेनलिनची सुई हाताशी असली तर वाचतं. घरच्यांना माहीत असलं तर सुई हाताशी असते, माहीत नसलं तर नसते. एवढी साधी गोष्ट आहे.

सुंता झाली तेव्हा पोरगा पाच वर्षांचा, असं नळीवर तुझ्या हाताने लिहिलंय. म्हणजे आता सात वर्षांचा. झाडावर चढायच्या वयाचा. मे उजाडला की मधवाले पेट्या ट्रकवर चढवून डोंगरात जातात, आणि त्याच डोंगरात आपली सगळी पोरं सुट्टीला जातात.

लेख तुझा तुला लखलाभ. त्यावर माझं नाव नको, आभारही खोडून टाक. राग गेलाय असं समजू नकोस, राग आहे तिथेच आहे. पण आता मला फक्त पोराचं नाव हवंय. तेही मला सांगू नकोस हवं तर, तुरातला सांग, निनाला सांग, भिंतीला सांग. सांग मात्र.

तोकोएवा


बिश्केक, २० एप्रिल

एलामान,

पालथ्या घड्यावर पाणी. ठीक आहे. तू सांगत नाहीस तर मी शोधते.

आवक रजिस्टरमध्ये सतरा नंबरची तारीख आहे, दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरचा पहिला सोमवार. तुरातकडून त्या सोमवारचं वॉर्डाचं रजिस्टर मागवलं. सात पोरं. साती घरांना मी स्वतः फोन केले. तुला फोनवर बोलायचा कंटाळा, म्हणून सांगते कसं असतं ते.

पहिल्या घरी आई होती. म्हणाली, “दोन वर्षांनी कशाला विचारताय? परत चिकटवणार आहात का?”

सोकुलुकच्या आजोबांना वाटलं, काम अर्धवट राहिलंय. “बाई, आधी स्पष्ट सांगा. माझ्या नातवाचं बरोबर कापलं की नाही?” बरोबर कापलंय म्हटलं तरी पटेना. शेवटी म्हणाले, “तुमचं नाव लिहून ठेवतो. उद्या सोयरीक फिसकटली तर तुम्हालाच साक्षीला बोलावीन.”

तिसरी बिचारी घाबरली. फोन कानाला तसाच धरून तिने पोराचे कपडे उतरवले, तो किंचाळतोय, मी ऐकतेय. “डाग नाही हो. एक तीळ आहे ढुंगणावर. तीळ चालेल का?”

सातही पोरं स्वच्छ निघाली. एकाच्याही पाठीवर काही नाही. मी फोन आपटला आणि निनावर ओरडले, की तिने नळ्या नीट धुतल्या नाहीत, नंबर तिनेच घोळवले असतील. एवढ्या वर्षांत मी तिला असं कधी बोलले नव्हते. तिने हातमोजे काढले, टेबलावर एकावर एक नीट ठेवले आणि म्हणाली, “बुरुल, तू त्या पोराला शोधतेयस की एलामानला धरतेयस?”

मी रजिस्टर काखेत मारून माझ्या खोलीत गेले आणि दार लावलं.

वॉर्डाबाहेरून कधी काही आलं असेल असं मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर लिही. चिनारांना पालवी फुटलीय. दहा-बारा दिवसांत मधवाले निघतील.

तोकोएवा


बिश्केक, २१ मे

एलामान,

मला आठवत होतं. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही आठवत होतं.

तो सोमवार. तू सकाळी दाढी न करता आलास, काखेत घरचा मोठा लाल थर्मास. मी म्हटलं, “आज चहा तुझ्याकडून?” तेव्हा मला मोठ्या बहिणीसारखं एजे म्हणायचास; म्हणालास, “एजे, झाकण उघडू नका, आत सुंता आहे.” आपण सगळे हसलो. निना तर खुर्चीत बसून हसली. रविवारी वॉर्ड बंद असतो हे मला माहीत होतं. वॉर्डातून कुणी थर्मासमधून कातडी आणत नाही हेही माहीत होतं. मी विचारलं नाही. तू कात्री घेऊन बसलास, आणि मी आवक रजिस्टरमध्ये ‘वॉर्डातून’ असं लिहून खाली सही केली. सही माझी आहे. दीड महिन्याने त्या पेशी उपाशी ठेवूनही मरेनात, तेव्हाही मी विचारलं नाही. कुप्यांची वाट बघून जीव मेटाकुटीला आला होता, मला ती देवाची कृपा वाटली.

मग मार्चमध्ये तुरातला थर्मासबद्दल का विचारलं नाही? कारण प्रयोगशाळेच्या परवानगीचं नूतनीकरण पंधरा मेला होतं. वॉर्डाबाहेरून, कागदाशिवाय नमुना आला हे बाहेर पडलं असतं तर समितीने कुलूप लावलं असतं. पंधरा मेला परवानगी मिळाली, आणि आज एकवीस तारखेला मी तुरातकडे गेले. हा क्रम तू लक्षात ठेव. मीही ठेवणार आहे.

तुरात जेवत होता. मी विचारलं, “त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, तू कुणाची सुंता केलीस?”

“रविवारी? रविवारी मी तुझ्याच पोराच्या घरी नव्हतो का, अक-सू गावाला, तोयच्या जेवणाला?”

“कुठल्या पोराच्या?”

“एलामानच्या. त्याच्या धाकट्या भावाची सुंता, आर्गेनची. म्हाताऱ्याने घोडं कापलं होतं. मला मानाचं हाड दिलं, त्याने हलवलेला दात अजून दुखतोय. येताना आम्ही एकाच गाडीत. तुझा पोरगा सगळा रस्ता थर्मास मांडीवर धरून. खड्डा आला की थर्मासला सावरायचा, मला नाही.”

“आणि हे मला आत्ता सांगतोस?”

“तू विचारलंस कधी? एप्रिलमध्ये सोमवारचं रजिस्टर मागितलंस, सोमवारचं दिलं.”

“पोराच्या पाठीवर डाग होते?”

“पाठ कोण बघतो, बुरुल? बोलावलं होतं कमरेखालच्या कामाला. आणि त्याच्या अंगात नवा भरतकामाचा शर्ट, त्याला हात लावू देईना.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सात घरांत फोन केले, सात पोरांना नागडं केलं, आणि सतरा नंबर तुझ्या घरात. तुझा भाऊ. तुझे वडील मधवाले, एलामान! दर शरदात तू मला त्यांच्या मधाची बरणी आणायचास. मागची अजून फडताळात अर्धी आहे. आज ती दिसली आणि मी ती कागदात गुंडाळून मागे सारली. माझं पत्र वाचतानाही तुला माहीत होतं की तुझा भाऊ चाळीस पोळ्यांच्या मधोमध राहतो. आणि तू मला गोपनीयता शिकवलीस.

तुरातकडून तुझ्या वडिलांचा नंबर घेतला. पंधरा वेळा लावला, लागत नाही. वर पेट्यांपाशी गेले असतील. उद्या सकाळी सातच्या गाडीने मी निघतेय. पिशवीत सहा सुया घेतल्यात.

बुरुल


काराकोल, २५ मे

एलामान,

पोरगा जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण तू कसाही असलास तरी हे आधी वाचायचा तुझा हक्क आहे.

बाकीचं आता सावकाश वाच, आणि उभ्याने वाच.

मी बावीसला दुपारी तुमच्या दारात पोचले तेव्हा घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पोराला काल काराकोलच्या इस्पितळात नेलंय. काल म्हणजे एकवीस. मी तुरातसमोर बसून त्याच्या दाताची कहाणी ऐकत होते, तेव्हा इकडे तुझे वडील एस्पार्सेटच्या चाऱ्याच्या शेताकडेला पेट्या उतरवत होते आणि आर्गेन त्यांना धूर द्यायला मदत करत होता. एक माशी, मानेवर. आधी अंग लाल झालं, मग उलटी, मग उभा होता तिथेच खाली बसला आणि डोळे फिरवले. तुझ्या आईला वाटलं, ऊन लागलं.

शेजारच्या यूर्तच्या तंबूपाशी ढोरांचा डॉक्टर आला होता, मेंढ्यांना लस टोचायला. त्याच्या डब्यात अ‍ॅड्रेनलिन होतं. काल तो पोराला बघायला आला, टोपी हातात धरून, जणू त्याचंच काही चुकलंय. म्हणाला, “माणसाला किती द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं हो, एजे. वजनाने मेंढीएवढाच वाटला, म्हणून मेंढीएवढं दिलं.” मी त्या माणसाचे हात हातात घेतले आणि रडले. दोन डॉक्टरेट, अकरा पानं, माझी तीस वर्षं, तुझी नऊ, आणि पोराला वाचवलं मेंढ्यांच्या डॉक्टरने. तो तिथे होता म्हणून. आपण दोघं नव्हतो.

पाठ पाहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत डाग आहेत, पन्नास तरी. तुझी आई म्हणाली, “वर्षाचा होता तेव्हापासून आहेत. मी रोज मेंढीच्या शेपटीची चरबी चोळते. चोळलं की फुगतात, मग मी आणखी चोळते, आतली उष्णता बाहेर पडतेय म्हणून.” सहा वर्षं, एलामान. तुझ्या आईने, अनिपाबाईने, सहा वर्षं मायेने ते डाग फुगवले, आणि थोरला मुलगा मास्ट पेशींचा तज्ज्ञ.

इथली डॉक्टर तरुण आहे, नीट काम करते. तिने माहिती लिहून घेताना विचारलं, “वडिलांना कधी असे डाग, कधी अशी चक्कर?” तुझे वडील, शारशेनबाबा, छाती पुढे काढून म्हणाले, “मला? माझी कातडी घोड्याची आहे.” डॉक्टरने लिहून घेतलं, वडील निरोगी. तुझी आई खिडकीबाहेर बघू लागली. मग मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेली.

“बुरुल, आता लपवून काय करू. तो एलामानचा आहे. सून मॉस्कोला गेली तेव्हा चाळीस दिवसांचासुद्धा नव्हता. पहिला नातू आजाआजीचा, हे तर आपल्यात चालतंच, आम्ही घेतला. कागदावर आमचाच आहे. एलामानला दादा म्हणतो.”

मी तुला भाऊ विकलास म्हणून शिव्या द्यायची तयारी करून आले होते. त्या शिव्या पुरेनात.

तरी एक गोष्ट तुझ्या बाजूची लिहिते, कारण ती खरी आहे. आईबापांसमोर स्वतःच्या पोराला मांडीवर घ्यायची आपल्यात लाज वाटते, आणि देऊन टाकलेल्या पोराला तर नाहीच. तू घरी यायचास, दारात त्याच्या डोक्यावर टपली मारायचास आणि पुरुषांत जाऊन बसायचास. तू त्याला कधी न्हाऊ घातलं नाहीस. त्याची पाठ तू कधी पाहिलीच नाहीस. त्याच्या पेशी तू दोन वर्षं रोज पाहिल्यास, चारशेपट मोठ्या करून, पण पाठ नाही पाहिलीस. यासाठी मी तुला दोष देत नाही. माझ्या मोठ्या भावालाही आजोबांनीच वाढवलं, मला माहीत आहे ते काय असतं.

पण एप्रिलमध्ये तू फोन केलास! आईनेच सांगितलं. माझं दुसरं पत्र तुला पोचलं होतं, तुला सगळं कळलं होतं, आणि तू आईला एवढंच म्हणालास, “धाकट्याला माशांजवळ जाऊ देऊ नका.” का ते सांगितलं नाहीस. बाबा हसले. “मधवाल्याच्या पोराने माशांपासून लांब राहायचं? उद्या म्हणेल, मेंढपाळाच्या पोराने मेंढीला हात लावू नये. जर्मनीत जाऊन डोकं नाजूक झालंय त्याचं.” ते हसले आणि पोराला घेऊन वर गेले. त्यांचं काय चुकलं? तुला अकरा पानं लिहिता आली आणि एक वाक्य पुरं करता आलं नाही. पुरं केलं असतंस तर डॉक्टर आला असता, डॉक्टर आला असता तर नाव आलं असतं, नाव आलं असतं तर लेख गेला असता. म्हणून तू अर्ध्यावर थांबलास. मी सुद्धा पंधरा मेपर्यंत थांबले. आपलेच दात आपलेच ओठ, एलामान, तू माझ्याच हाताखाली शिकलास.

सहीचं विचारलं तर शारशेनबाबा म्हणाले, “कसली सही? थोरल्याने थर्मास मागितला, दिला. आत काय नेतोस विचारलं तर म्हणाला औषध.” तुझ्या आईला ती कातडी सफरचंदाच्या झाडाखाली पुरायची होती. सापडली नाही तेव्हा कुत्र्याने नेली समजून तिने कुत्र्याला काठीने मारलं होतं. त्या कुत्र्याची तिने काल मनोमन माफी मागितली, मला ऐकू येईल अशी.

आता काय केलं ते. काल इस्पितळाच्या बाकावर बसून मी दोन पत्रं लिहिली. एक तुझ्या लेखाच्या संपादकांना: पोषकद्रवात काही नाही, सगळे निकाल एका आजारी मुलाच्या पेशींचे आहेत, मुलगा पहिल्या लेखकाचा स्वतःचा आहे, संमतीचा कागद नाही. दुसरं आमच्या नीतिसमितीला: आवक रजिस्टरमधली नोंद खोटी आहे आणि सही माझी आहे. निनाला फोनवर वाचून दाखवली. प्रयोगशाळा जाईल, म्हटलं. ती म्हणाली, “जाऊ दे. माझे गुडघे तरी सुटतील.”

दोन सुया आईच्या पदरी दिल्या, दोन बाबांच्या कोटाच्या खिशात, दोन शाळेतल्या बाईंसाठी. कशी टोचायची ते संत्र्यावर शिकवलं. बाबांनी पेट्या चुलतभावाला देऊन टाकल्या, चाळीस वर्षांचं काम एका दुपारी. माझ्याशी बोलत नाहीत, तुझं नाव काढू देत नाहीत. व्हरांड्यात बसून संत्र्याला सुई टोचत असतात.

टाकीत सतरा नंबरची एक नळी अजून आहे. ती मी वापरणार नाही आणि फेकणारही नाही. गेल्यावर तिच्यावरचा नंबर खोडून नाव लिहीन. तो मोठा झाला की त्याला विचारू.

काल संध्याकाळी तो उठून बसला, अर्धी वाटी सूप प्यायला, आणि मला बराच वेळ न्याहाळून म्हणाला, “तुम्ही दादाच्या बाई ना?”

“हो.”

“दादा म्हणाला होता, माझी कातडी जर्मनीला गेली. विमानातून. खरंच?”

“खरंच.”

“तिकडे ती वाढते?”

“वाढते.”

तो सलाइनच्या नळीतले थेंब मोजत राहिला. मग म्हणाला, “मग मला कधी नेणार?”

मी त्याला म्हटलं, दादाला विचारून सांगते.

विचारतेय.

बुरुल एजे